उन्हाळ्याची सुटी आणि शोधाचा हक्क

अशोक विजयादशमीचा सोहळा आटोपून नागपूरच्या दीक्षाभूमीवरून गावोगावी परतणाऱ्या बौद्ध कुटुंबांच्या पिशव्यांत काय असते, हे ज्याने एकदा पाहिले असेल, त्याला आमच्या समाजाच्या भवितव्याविषयी निराश होण्याचे कारण उरत नाही. त्या पिशव्यांत तथागतांची मूर्ती असते, परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते आणि पुस्तके असतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना अक्षराची ओळखही होऊ दिली गेली नाही, ते लोक पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतात, ही गोष्ट कोणत्याही समाजाने अभिमान बाळगावा अशीच आहे. परंतु हा अभिमान बाळगीत असताना एक प्रश्न आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. आम्ही पुस्तके वाचणारा समाज झालो. पण ज्या शोधकार्यातून ती पुस्तके जन्मास येतात, त्या शोधकार्यात आमची मुले-मुली कोठे आहेत?

हा प्रश्न आजच विचारण्यास कारण आहे. महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या संशोधन संस्थेत जाऊन, अनुभवी संशोधकाच्या हाताखाली दीड-दोन महिने काम करण्याची संधी मिळते. ही संधी उन्हाळ्याची असली तरी तिचे अर्ज बहुधा हिवाळ्यातच भरावे लागतात. वैशाखात जागे होणाऱ्याला तेथे जागा मिळत नाही. म्हणून दीक्षाभूमीची धूळ पायांवर असतानाच हा विषय घरात निघावा, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

वकिलीच्या व्यवसायात नाना तऱ्हेचे कागद घेऊन माणसे येतात. काही वर्षांपूर्वी एका इमारतीवर पहाऱ्याचे काम करणारे, नुकतीच सहकुटुंब धम्मदीक्षा घेतलेले एक गृहस्थ इंग्रजीतील एक कागद घडी घालून आमच्याकडे घेऊन आले. "वकीलसाहेब, यावर मी सही केली तर घरावर काही बोजा तर चढणार नाही ना?" असे त्यांनी विचारले. कागद वाचून पाहिला तो ते एक हमीपत्र निघाले. त्यांची मुलगी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती; एका संशोधन संस्थेने सुटीतील दोन महिन्यांच्या कामासाठी तिची निवड केली होती, आणि पालकांची संमती मागितली होती. कर्जाचा कागद असावा या भीतीने त्या गृहस्थांनी तो कित्येक दिवस तथागतांच्या मूर्तीमागे ठेवून दिला होता. आम्ही तो वाचला त्या दिवशी मुदत उलटून तीन दिवस झाले होते. दूरध्वनी केला, विनंती केली. परंतु ती जागा यादीतील पुढच्या विद्यार्थ्याला देण्यात आली होती. त्या पित्याचा यात काय दोष? सावकाराच्या कागदावर अंगठे उमटवून ज्यांच्या वाडवडिलांची जमीन गेली, त्यांनी न समजणाऱ्या कागदाला भिऊ नये तर काय करावे? दोष असलाच तर तो आम्हा शिकलेल्यांचा आहे. आम्ही भाषणे पुष्कळ केली. पण हा कागद काय असतो, हे कोणाच्या घरी जाऊन सांगितले नाही.

यास्तव प्रथम हे काम काय असते, ते सांगतो. वर्गात प्राध्यापक जे सांगतात ते पूर्वीच कोणीतरी शोधून काढलेले असते. उन्हाळी संशोधनात विद्यार्थ्यापुढे असा प्रश्न ठेवला जातो की ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही. पहिले काही दिवस या प्रश्नावर आजवर कोणी काय लिहिले आहे ते वाचण्यात जातात. मग प्रयोग, मोजमाप, मुलाखती, दप्तरांची तपासणी किंवा नुसते कागद-पेन्सिलीचे गणित, विषयाप्रमाणे जे लागेल ते सुरू होते. रोजच्या कामाची नोंद तारखेनिशी वहीत करावी लागते. प्रयोग फसला तर फसला असेच लिहावे लागते. तेथे खाडाखोड चालत नाही. अखेरीस अहवाल लिहून, जाणत्या मंडळींसमोर उभे राहून, आपण काय केले व ते कशावरून खरे मानावे, हे सांगावे लागते. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला आपल्या म्हणण्याचा पुरावा देण्याची ही पहिली सवय होय.

अशा संधी कोठे आहेत? बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्था मिळून विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची योजना अनेक वर्षांपासून चालवीत आल्या आहेत. देशभरातील प्रयोगशाळांत व विद्यापीठांत निवडलेल्या विद्यार्थ्यांना त्या योजनेतून धाडले जाते. मुंबईत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यात खगोलशास्त्राचे काम करणारी 'आयुका' यांनीही सुटीत येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी योजना चालविल्या आहेत. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे; पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाकडे वळविण्यासाठी तेथे २००४ साली एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. मानखुर्द आणि गोवंडी या नावांबरोबर आमच्या किती वस्त्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात! त्या वस्त्यांतील मूल त्या केंद्राच्या फाटकावरून जाते, आणि आत आपल्यासाठीही काही असू शकेल ही कल्पना त्याच्या मनाला शिवत नाही. हे अंतर मैलांचे नव्हे.

येथे कोणी म्हणेल, "आमच्या मुलाला नोकरी लागली म्हणजे झाले; संशोधन हे भरल्या पोटाचे काम आहे." हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याच्या चुलीला उद्याची शाश्वती नाही, त्याने नोकरीचा विचार आधी करावा हे स्वाभाविकच आहे. परंतु दीक्षा घेताना आपण केवळ उपासनेचा प्रकार बदलला नाही, हे ध्यानात घ्यावे. ज्या समाजव्यवस्थेतून आपण बाहेर पडलो तिचा मुख्य आधार हा होता की, सत्य काय ते थोड्यांनी ठरवावे आणि बाकीच्यांनी निमूटपणे मानावे. उलट, केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी असे सांगितले की, केवळ परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून किंवा सांगणारा गुरू थोर आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून पाहा. हा उपदेश ज्यांनी स्वीकारला त्यांच्या घरातील मुलाने दुसऱ्यांनी शोधलेले ज्ञान पाठ करण्यावरच थांबावे काय? बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू केले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा होता आणि भिक्खू नागसेन हे त्याला उत्तर देणारे होते. राजाच्या पराक्रमावरून नव्हे, तर त्याने विचारलेल्या प्रश्नांवरून आपल्या महाविद्यालयाचे नाव ठेवले गेले, यातील अर्थ आम्ही विसरता कामा नये.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेकडे पाहा. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती व वाढ या विषयावर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. ज्या जातिभेदाचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते, त्याविषयी केवळ संताप व्यक्त करून ते थांबले नाहीत. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या एकेक करून त्यांनी तपासल्या, त्यांत काय कमी आहे ते दाखविले, आणि जातीबाहेर विवाह होऊ न देणे हेच जातीचे मर्म होय, असा आपला निष्कर्ष पुराव्यानिशी मांडला. पुढच्याच वर्षी, १९१७ साली, तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी जातीचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो टाळून पुढे जाता येत नाही. एका विद्यार्थ्याने वर्गासाठी लिहिलेल्या निबंधाची ही योग्यता आहे. बाबासाहेब त्या वेळी पदवीधर होते आणि आमची मुले पदवीच्या वर्गात आहेत हे खरे. पण प्रश्नाला पद्धतशीरपणे भिडण्याची सवय जितकी लवकर लागेल तितकी बरी.

त्याच चरित्रातील दुसरी गोष्टही तितकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती व तिला मुदत होती. ती संपल्यामुळे १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसा साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून उसनवारी घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. ही पदवी मिळाली. बाबासाहेबांच्या बुद्धीला तीन वर्षे थांबावे लागले ते केवळ पैशापायी. आमच्या वस्तीतील ज्या मुलाला सुटीतील दोन महिन्यांच्या मजुरीसाठी प्रयोगशाळेची वाट सोडावी लागते, तो बाबासाहेबांएवढ्या निर्धाराचा असेलच असे नाही. त्याचे थांबणे कायमचेही ठरू शकते.

संशोधन म्हटले की काचेच्या नळ्या व दुर्बिणी डोळ्यांपुढे येतात. पण शोधाचे क्षेत्र तेवढेच नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका गावातील सर्व विहिरींचे व हातपंपांचे पाणी तपासून कोणत्या वस्तीच्या वाट्याला कोणते पाणी येते, याचा तक्ता केला तर ते संशोधनच होय. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने बीडकडील ऊसतोड कुटुंबांना मिळणारी उचल व तिची फेड यांचा हंगामभराचा हिशेब मांडला तर तेही संशोधनच. कायद्याच्या विद्यार्थ्याने १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील निकालपत्रे वाचून आरोपी कोणत्या कारणाने सुटले याची वर्गवारी केली, तर आम्हा वकिलांना तिचा रोज उपयोग होईल. इतिहासाच्या व पाली भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तर सह्याद्रीचे कडे उघड्या ग्रंथाप्रमाणे उभे आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. कष्ट करणाऱ्या हातांनी धम्माला आधार दिला, त्याचा हा दगडावरचा पुरावा होय. तो वाचणारे डोळे आमच्या घरांत तयार झाले पाहिजेत.

आपल्या घरातील आजीदेखील संशोधनाचा विषय आहे, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. हेमा राईरकर व गी पॉइटेविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रियांना घरोघर गाठून, त्यांच्या आठवणी नोंदवून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध केले. ते झाले नसते तर त्या मातांचा लढा त्यांच्याबरोबरच लोपला असता. आज ज्या वृद्धा १९५६ च्या दीक्षेच्या आठवणी सांगू शकतात, त्या किती उरल्या आहेत? एखाद्या विद्यार्थिनीने एका सुटीत अशा दहा जणींच्या आठवणी नीट लिहून घेतल्या, तर तिने उभ्या समाजाचे ऋण फेडले असे होईल.

मात्र एक सावधगिरीची सूचना करणे आम्हास अवश्य वाटते. आमच्या मुलांनी फक्त आमच्याच दुःखाचे संशोधन करावे आणि तारे, अणू, गणित व जीवशास्त्र हे विषय इतरांनी वाटून घ्यावेत, अशी विभागणी नकळत होऊ लागली तर ती नव्या स्वरूपातील जुनीच वर्णव्यवस्था ठरेल. बाबासाहेबांनी जातीवर लिहिले, तसे रुपयावरही लिहिले. ज्या मुलीला तारकांचे वेड आहे तिला, "आधी समाजाचे बघ," असे म्हणून कोणी अडवू नये. आमच्या वस्तीतील मुलगी आकाशाचे मोजमाप करते, हीच समाजसेवा आहे.

आता वाटेतील अडचणींकडे वळू. पहिली अडचण मजुरीची. सुटी म्हणजे श्रीमंताच्या मुलाला विश्रांती. आमच्या मुलाला ती कमाईचा हंगाम असते. लग्नसराईतील वाढप्याचे काम, दुकानातील मदतनिशी, घरोघर सामान पोहोचविणे, यांतून पुढील वर्षाचे शुल्क व पुस्तके निघतात. काही उन्हाळी योजनांत पाठ्यवेतन मिळते, काहींत केवळ प्रवेश मिळतो. आणि पाठ्यवेतन मिळाले तरी ते पुष्कळदा मागाहून हाती येते, रेल्वेचे तिकीट मात्र आधी काढावे लागते. दुसरी अडचण निवाऱ्याची. शासकीय वसतिगृहांतील पुष्कळशी सुटीत बंद होतात. तिसरी अडचण शिफारसपत्राची. अर्जासोबत प्राध्यापकाचे पत्र लागते; पण मागच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्या मुलाला प्राध्यापक ओळखत नाहीत, आणि त्याच्या मागे कोणी ओळखीचा माणूस उभा नसतो. चौथी अडचण मुलींची. मुलगी दोन महिने परक्या शहरी राहणार म्हटल्यावर आई-वडिलांचे काळीज कापते. त्यातून नातलग स्थळ घेऊन दारी आलेले असतात.

पाचवी अडचण कागदाची, आणि तिच्याविषयी वकील या नात्याने दोन शब्द स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. नवदीक्षित कुटुंबांत असा समज आढळतो की, बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती जातात. एके काळी हे केंद्राच्या सवलतींबाबत खरे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मुख्यतः हिंदूंचाच समावेश होता. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा समावेश करण्यात आला. तेव्हापासून मूळ अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्याचा हक्क कायद्याने अबाधित आहे. धर्माच्या रकान्यात निःसंकोच 'बौद्ध' लिहावे, आणि जेथे अनुसूचित जातीच्या दाखल्याची माहिती मागितली असेल तेथे दाखल्यात असेल तीच माहिती अक्षरशः भरावी. काही बांधव स्वाभिमानाने तो रकाना कोरा सोडतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु दाखल्यावरील जातीचे नाव ही आपली ओळख नव्हे. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे, आणि न्याय मागणाऱ्याने पुरावा स्वतःहून नष्ट करू नये. दाखला, पडताळणी व उत्पन्नाचा कागद अर्जाच्या आदल्या रात्री मिळत नसतात. ते आजच हाती घ्यावेत.

शासनाकडे व संस्थांकडेही आमचे मागणे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्याने चौथ्या वर्षातील संशोधनासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट घातली. वरवर पाहता ही अट सर्वांना सारखीच आहे. पण रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणाऱ्याचे ६८ टक्के आणि स्वतंत्र खोलीत शिकवणी लावून बसणाऱ्याचे ७६ टक्के यांत अधिक कस कोणाचा, हे गुणपत्रिका सांगत नाही. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरविले. विद्यार्थ्याची परिस्थिती पाहून व्यवस्था आखणे ते हेच. ज्याला चौथ्या वर्षाचा दरवाजा गुणांअभावी बंद होण्याची भीती आहे, त्याने तर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या सुटीतच संशोधनाचा अनुभव गाठीस बांधावा.

संविधानाचे ४६ वे कलम अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हितांचे विशेष काळजीने संवर्धन करण्यास राज्याला सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या आधारे न्यायालयातून हक्क बजावून घेता येत नाही, हे आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. पण राज्यकारभारात ते मूलभूत मानले पाहिजे, असे संविधानच ३७ व्या कलमात म्हणते. शिवाय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले. नागरिकावर कर्तव्य लादणाऱ्या राज्याने ते पार पाडण्याची साधने गरिबाच्या आवाक्यात आणून ठेवावीत, हे मागणे न्याय्यच आहे. यास्तव आमची मागणी अशी की, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी विनावेतन उन्हाळी जागा ठेवू नयेत. पाठ्यवेतनाचा पहिला हप्ता व प्रवासखर्च रुजू होण्यापूर्वी द्यावा. निवड झालेल्यांसाठी शासकीय वसतिगृहे सुटीत उघडी ठेवावीत. आणि निवड झालेल्यांत कोणकोणत्या समाजघटकांतील किती विद्यार्थी आहेत, याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. आकडे लपविले जातात तेथे अन्याय आहे की नाही, हेदेखील सिद्ध करता येत नाही.

परंतु शासन जागे होईपर्यंत आपण झोपून राहावे काय? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ती गोष्ट. त्याने गोवर्धन नगरातील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. मूळ रकमेला हात लावावयाचा नाही. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दरमहा २० म्हणजे वर्षाचे २४० कार्षापण. आणि २० भिक्खूंचे प्रत्येकी १२ मिळून तेवढेच २४०. एकही कार्षापण अधिक नाही की उणा नाही. पावसाचे काही महिने एका जागी बसून अध्ययन-चिंतन करणाऱ्याला वस्त्राची चिंता पडू नये, म्हणून ही व्यवस्था होती, आणि ती ठेव सांभाळणारे विणकर म्हणजे हातमागावर राबणारे कष्टकरी होते.

हीच व्यवस्था प्रत्येक विहाराला आज करता येईल. शंभर कुटुंबांनी दरमहा शंभर रुपये दिले तर वर्षाचे एक लाख वीस हजार रुपये होतात. काही वर्षे ही रक्कम साठवून ठेव केली, तर तिच्या व्याजातून दरवर्षी एक-दोन मुलांचे तिकीट, खानावळ आणि मुख्य म्हणजे घरी बुडणारी मजुरी भरून देता येईल. ही मजुरी भरून देण्याची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कारण मुलाचा खर्च भागला तरी घरची चूल दोन महिने त्याच्या कमाईवाचून कशी पेटावी, हा प्रश्न उरतोच. चौदा एप्रिलला आपण मोठ्या उत्साहाने जयंती साजरी करतो, आणि ती करावीच. पण मिरवणुकीतील कानठळ्या बसविणाऱ्या वाद्यांवर होणाऱ्या खर्चाचा थोडा हिस्सा जरी या निधीकडे वळविला, तरी लगेच पुढच्या महिन्यात एखादे मूल प्रयोगशाळेत पाऊल टाकील. दानपारमिता म्हणतात ती याहून वेगळी कोणती? त्याचबरोबर प्रत्येक विहारात एका शिकलेल्या माणसाने आठवड्यातून एक संध्याकाळ इंग्रजी कागद वाचून, समजावून देण्यासाठी बसावे. आमच्या विहारापुरते हे काम आम्ही पत्करले आहे.

विद्यार्थ्यांनो, आता तुम्हाला थोडे सांगावयाचे आहे. पुढच्या बाकावर बसा. शंका आली तर विचारा. हसे होईल या भीतीने गप्प राहू नका. एका तरी प्राध्यापकाला तुमचे नाव व तुमची आवड पहिल्याच वर्षी ठाऊक झाली पाहिजे. अर्जात उसनी वाक्ये घालू नका. तुम्हाला कोणता प्रश्न पडला आहे व तो का पडला आहे, हे साध्या भाषेत लिहा. पहिल्या वर्षी निवड झाली नाही तर दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करा. दूरच्या संस्थेत जागा मिळाली नाही तर आपल्याच महाविद्यालयातील प्राध्यापकाकडे काम मागा. संस्थेत कोणी आडनावावरून, आरक्षणावरून किंवा बोलण्याच्या ढबीवरून टोमणे मारले तर ते मुकाट्याने गिळू नका आणि एकट्याने कुढतही बसू नका. तारीख, वेळ, शब्द व साक्षीदार यांची नोंद करा. अशा भेदभावाविरुद्ध दाद मागता यावी म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम केले व समान संधी कक्षाची तरतूद केली. संस्थेत तक्रार कोणाकडे करावयाची, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा, आणि घरी व विहारात कळवा.

मातापित्यांनो, तुमच्याकडे आमची मागणी मोठी आहे, हे आम्ही जाणतो. दोन महिन्यांची कमाई सोडा आणि मुलीला परगावी धाडा, असे म्हणणे सोपे असते. ते करणे कठीण असते. जाण्यापूर्वी राहण्याची जागा, सोबतच्या मुली व मार्गदर्शकाचे नाव यांची चौकशी अवश्य करा. तो तुमचा हक्कच आहे. पण चौकशी समाधानकारक झाल्यावर केवळ भीतीपोटी नकार देऊ नका. रमाईंनी अपार हालअपेष्टा सोसून बाबासाहेबांच्या अभ्यासाला वाट मोकळी करून दिली. त्या हालांची पुनरावृत्ती कोणाच्याही घरी होऊ नये, म्हणून तर विहाराने निधी उभारावयाचा आहे.

उन्हाळी संशोधनाचे काम बहुधा आषाढाच्या सुमारास संपते. आषाढ पौर्णिमेला तथागतांनी सारनाथच्या मृगदायात पंचवर्गीय भिक्खूंना पहिला उपदेश केला, आणि त्याच पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. त्या दिवशी प्रत्येक विहारात वंदना झाल्यावर सुटीतून परतलेल्या मुला-मुलीला उभे करावे, आणि तिने किंवा त्याने आपण काय शोधले, कोठे चुकलो व काय हाती आले, हे आई-वडिलांना समजेल अशा मराठीत सांगावे. समोर बसलेल्यांनी प्रश्न विचारावेत. जो पिता एका कागदाच्या भीतीने आमच्याकडे आला होता, त्याच्यासारख्या पित्याने त्या सभेत हात वर करून आपल्या मुलीला एखादा प्रश्न विचारलेला आम्हाला पाहावयाचा आहे. त्याची तयारी आजपासून झाली पाहिजे. कारण अर्जाची मुदत कोणाची वाट पाहत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!